हान्स बर्गर

हान्स बर्गर (२१ मे, इ.स. १८७३ – १ जून, इ.स. १९४१) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूचे संशोधक होते. मानवी मेंदूतील विद्युत्-क्रियेचा आलेख काढण्याची पद्धत, म्हणजेच विद्युत् मस्तिष्कालेखन (ईईजी), ही त्यांची देणगी होय. इ.स. १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरींची पहिली नोंद केली आणि इ.स. १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. मेंदूतील आल्फा तरंगांना त्यांच्या नावावरून बर्गर तरंग असेही म्हणतात.

एका मनातील गोष्ट दुसऱ्या मनापर्यंत कशी पोहोचते, या कुतूहलातून बर्गर या संशोधनाकडे वळले. ते कोडे त्यांना सुटले नाही; परंतु त्या शोधात घडलेल्या उपकरणाने अपस्माराच्या निदानात क्रांती केली. मेंदूतील क्रियेचे मजकुरात रूपांतर करणाऱ्या आजच्या तंत्रज्ञानाचा आणि मानसिक गोपनीयतेच्या वादाचा इतिहासही बर्गर यांच्या प्रयोगांपासून सुरू होतो. नाझी राजवटीतील त्यांच्या सहभागामुळे त्यांचे चरित्र वादग्रस्त ठरले आहे.

## बालपण आणि शिक्षण

बर्गर यांचा जन्म जर्मनीतील कोबुर्ग शहराजवळच्या नॉयझेस या गावी झाला. वडील पाउल फ्रीडरिश बर्गर हे वैद्य होते. आई आना ही कवी व प्राच्यविद्यापंडित फ्रीडरिश रुकर्ट यांची कन्या होती. रुकर्ट यांनी महाभारतातील नल-दमयंतीचे आख्यान, जयदेवाचे गीतगोविंद आणि अथर्ववेदाचा मोठा भाग जर्मन भाषेत आणला होता. नॉयझेस हेच त्यांचे अखेरच्या काळातील वास्तव्याचे गाव होते.

शालेय शिक्षण कोबुर्ग येथे पूर्ण करून बर्गर इ.स. १८९२ मध्ये बर्लिन विद्यापीठात दाखल झाले. त्यांना खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते. मात्र एकाच सत्रानंतर त्यांनी विद्यापीठ सोडले आणि एका वर्षासाठी सैन्यात नाव नोंदवले.

### वुर्त्सबुर्गजवळील अपघात

वुर्त्सबुर्ग येथे लष्करी सराव सुरू असताना बर्गर यांचा घोडा अचानक उधळला आणि ते खाली फेकले गेले. घोड्यांनी ओढली जाणारी तोफगाडी त्यांच्या अगदी जवळ येऊन थांबली. त्यांना इजा झाली नाही, पण मृत्यू हातभर अंतरावरून गेल्याची जाणीव त्यांना झाली. त्याच सायंकाळी वडिलांची तार आली. तीत त्यांच्या प्रकृतीची चौकशी होती. दूर घरी असलेल्या त्यांच्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे तीव्रतेने जाणवले होते आणि तिच्याच आग्रहावरून वडिलांनी तार पाठवली होती.

हा योगायोग असू शकतो, असे बर्गर यांना वाटले नाही. प्राणभयाच्या क्षणी आपल्या मनातील भावना बहिणीपर्यंत पोहोचली, म्हणजेच हा परचित्तज्ञानाचा प्रकार आहे, असा अर्थ त्यांनी लावला. मनाच्या व्यापारांना काही भौतिक आधार असला पाहिजे आणि तो मोजता आला पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात रुजला. त्यांनी खगोलशास्त्राचा नाद सोडून वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. या घटनेचा वृत्तान्त त्यांनी इ.स. १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सायके या पुस्तिकेत दिला.

## येना येथील कारकीर्द

इ.स. १८९७ मध्ये बर्गर येना विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात ओटो बिन्स्वांगर यांच्या हाताखाली रुजू झाले. तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शे यांच्यावर काही वर्षांपूर्वी याच चिकित्सालयात उपचार झाले होते. बर्गर यांनी जवळजवळ सारे आयुष्य येथेच काढले. इ.स. १९१९ मध्ये ते बिन्स्वांगर यांच्या जागी प्राध्यापक व संचालक झाले. इ.स. १९२७ मध्ये त्यांची विद्यापीठाच्या रेक्टरपदी निवड झाली. इ.स. १९११ मध्ये त्यांचा विवाह त्यांच्या तांत्रिक साहाय्यक उर्सुला फोन ब्यूलो यांच्याशी झाला. त्यांना चार अपत्ये झाली.

दैनंदिन कामात बर्गर शिस्तप्रिय, मितभाषी आणि काहीसे एकलकोंडे होते. मेंदूवरील प्रयोग ते चिकित्सालयाच्या कामाव्यतिरिक्तच्या वेळेत करीत. त्या प्रयोगांची सहकाऱ्यांना फारशी कल्पना नसे.

### मानसिक ऊर्जेचा शोध

डॅनिश मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड लेमान यांच्या मांडणीचा बर्गर यांच्यावर प्रभाव होता. मेंदूत रासायनिक क्रियांतून निर्माण होणारी ऊर्जा उष्णता, वीज आणि मानसिक ऊर्जा अशा तीन रूपांत वाटली जाते, असे ही मांडणी सांगत होती. मेंदूत निर्माण होणारी एकूण ऊर्जा आणि तिच्यातील उष्णता व वीज यांचा वाटा समजला, तर उरलेला भाग मानसिक ऊर्जेचा मानता येईल, अशी बर्गर यांची धारणा होती.

या धारणेनुसार त्यांनी प्रथम मेंदूतील रक्ताभिसरणाचा अभ्यास केला. अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने कवटीचा काही भाग निघालेल्या रुग्णांमध्ये मेंदूचे स्पंदन मोजता येत असे. त्यानंतर त्यांनी मेंदूच्या तापमानातील बदल मोजले आणि इ.स. १९१० मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. विजेच्या मोजमापाचा पहिला प्रयत्न त्यांनी इ.स. १९०२ मध्ये कुत्र्यांवर केला होता, पण तो फसला. पहिल्या महायुद्धात ते पश्चिम आघाडीवर लष्करी मनोविकारतज्ज्ञ म्हणून होते. युद्ध संपल्यानंतर त्यांनी विजेचा प्रश्न पुन्हा हाती घेतला.

## विद्युत् मस्तिष्कालेखनाचा शोध

प्राण्यांच्या मेंदूतील वीज बर्गर यांच्या आधीच सापडलेली होती. लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी इ.स. १८७५ मध्ये ससे व माकडे यांच्या मेंदूवर विद्युत्-प्रवाहाची नोंद केली होती. पोलंडचे आडोल्फ बेक आणि युक्रेनचे व्लादिमिर प्रावदिच-नेमिन्स्की यांनीही या विषयावर काम केले होते. माणसाच्या मेंदूतून अशी नोंद मात्र कोणीही मिळवलेली नव्हती.

६ जुलै, इ.स. १९२४ रोजी शल्यचिकित्सक निकोलाय गुलेके एका १७ वर्षांच्या मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करीत असताना बर्गर यांना ही संधी मिळाली. त्यांनी तारेच्या गॅल्व्हानोमीटरला विद्युताग्रे जोडली आणि तार हलताना त्यांना दिसली. पुढची पाच वर्षे त्यांनी हा शोध जाहीर केला नाही. दिसणारी लहर हृदयाची, रक्तवाहिन्यांच्या स्पंदनाची किंवा स्नायूंच्या हालचालीची तर नाही ना, ही शंका त्यांना सतावत होती. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा विद्युत्-दाब साधारणपणे १० ते १०० मायक्रोव्होल्ट असतो, म्हणजे हृदयालेखात दिसणाऱ्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याहूनही बहुधा कमी. त्यामुळे त्यांची शंका अनाठायी नव्हती. त्यांनी कवटीत छिद्र असलेल्या रुग्णांवर, नंतर निरोगी माणसांवर, स्वतःवर आणि आपला मुलगा क्लाउस याच्यावर पुनःपुन्हा नोंदी घेतल्या. कपाळावर व डोक्याच्या मागील बाजूस धातूच्या पत्र्याची विद्युताग्रे बांधली जात आणि गॅल्व्हानोमीटरची हालचाल प्रकाशकिरणाच्या साहाय्याने सरकत्या छायाचित्र-कागदावर उमटत असे.

इ.स. १९२९ मध्ये माणसाच्या विद्युत् मस्तिष्कालेखाविषयीचा त्यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्याच शीर्षकाखाली इ.स. १९३८ पर्यंत एकूण १४ निबंध आले. सेकंदाला सुमारे दहा वेळा येणाऱ्या मोठ्या लहरींना त्यांनी आल्फा आणि अधिक जलद, लहान लहरींना बीटा असे नाव दिले. ही नावे आजही प्रचलित आहेत.

### बर्गर परिणाम

मनुष्य डोळे मिटून शांत बसला असताना आल्फा तरंग ठळक दिसतात आणि डोळे उघडताच ते मावळतात. यास बर्गर परिणाम म्हणतात. डोळे मिटलेलेच असताना एखादे गणित मनात सोडवायला दिले, तरीही आल्फा तरंग क्षीण होतात, असे बर्गर यांना आढळले. मनाच्या एकाग्रतेची खूण अशा रीतीने कागदावर उमटत होती. मात्र माणूस विचार करीत आहे एवढेच या खुणेवरून कळत होते. तो काय विचार करीत आहे, हे कळत नव्हते. कोणते गणित चालू आहे आणि त्याचे उत्तर काय आले, याचा मागमूस आलेखात नव्हता. पुढे मेंदूतून मजकूर मिळवण्याच्या सर्व प्रयत्नांचा रोख हीच दरी ओलांडण्याकडे राहिला.

परचित्तज्ञानाविषयीच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही बर्गर यांना या लहरींत सापडले नाही. त्या इतक्या दुर्बल आहेत, की डोक्याबाहेर दूरवर संदेश नेणे त्यांना शक्य नाही, हे त्यांनी मान्य केले. मानसिक ऊर्जेवरील त्यांचा विश्वास मात्र शेवटपर्यंत कायम राहिला.

### मान्यता

पहिली काही वर्षे शास्त्रज्ञांनी या शोधाकडे दुर्लक्ष केले. नोबेल पारितोषिक विजेते एडगर एड्रियन आणि त्यांचे सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांनी इ.स. १९३४ मध्ये केंब्रिज येथे बर्गर यांच्या निष्कर्षांची खातरजमा केली आणि या लहरींना बर्गर यांचे नाव द्यावे असे सुचवले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील संशोधकांनी अपस्माराच्या एका प्रकारात सेकंदाला तीन या गतीने येणाऱ्या विशिष्ट लहरींचे वर्णन केले. इ.स. १९३७ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषदेत बर्गर यांचा सन्मान झाला.

अपस्मार म्हणजे बाधा किंवा दैवी कोप, ही समजूत जगात सर्वत्र होती. महाराष्ट्रातही फेफरे आलेल्या व्यक्तीस कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. हा मेंदूतील विद्युत्-क्रियेचा बिघाड आहे, हे कागदावर दाखवून देणारे साधन बर्गर यांच्या पद्धतीमुळे वैद्यांच्या हाती आले. निद्रा, बेशुद्धावस्था व मेंदूचे इतर विकार यांच्या अभ्यासातही या पद्धतीचा उपयोग होतो.

## नाझी राजवटीतील सहभाग आणि मृत्यू

बर्गर हे नाझी राजवटीचे विरोधक होते आणि त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले, असे वर्णन अनेक जुन्या चरित्रांत आढळते. अलीकडच्या संशोधनाने हे चित्र बदलले आहे. ते नाझी पक्षाचे सदस्य नव्हते, परंतु एस.एस. या संघटनेचे आर्थिक साहाय्य करणारे सदस्य होते. इ.स. १९३८ मध्ये ते वयाच्या ६५ व्या वर्षी नियमानुसार निवृत्त झाले.

अधिक गंभीर बाब म्हणजे, येना येथील आनुवंशिक आरोग्यविषयक अपील न्यायालयाचे ते सदस्य होते. इ.स. १९३३ च्या जर्मन कायद्याने आनुवंशिक समजल्या गेलेल्या आजारांच्या रुग्णांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याची मुभा दिली होती. त्या विरोधातील अपिले या न्यायालयापुढे येत. या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांचे निर्बीजीकरण झाले. कायद्यातील आजारांच्या यादीत मनोविकारांबरोबर आनुवंशिक अपस्माराचाही समावेश होता. ज्या रुग्णांच्या आजाराचे स्वरूप बर्गर यांच्या शोधामुळे समजू लागले होते, त्याच वर्गातील रुग्णांच्या शरीरावरील हक्क काढून घेणाऱ्या व्यवस्थेचे ते भाग होते. इ.स. १९४१ मध्ये हे काम पुन्हा स्वीकारण्याची तयारीही त्यांनी दर्शवली होती. या तथ्यांमुळे त्यांच्या गौरवाचा पुनर्विचार करण्याची मागणी झाली आहे.

निवृत्तीनंतर येना येथील त्यांची प्रयोगशाळा मोडीत निघाली. अखेरच्या काळात ते आजारी व तीव्र नैराश्याने ग्रस्त होते. १ जून, इ.स. १९४१ रोजी येना येथील चिकित्सालयात त्यांनी आत्महत्या केली.

## वारसा

### मेंदूतून मजकूर

बर्गर यांच्या मृत्यूनंतर संगणकाच्या साहाय्याने मेंदूच्या लहरींचा अर्थ लावण्याचे प्रयत्न सुरू झाले. इ.स. १९७३ मध्ये अमेरिकेतील झाक व्हिदाल यांनी मेंदू आणि संगणक यांना थेट जोडण्याची कल्पना मांडली. इ.स. १९८८ मध्ये फारवेल व डोन्चिन यांनी ईईजीवर चालणारे अक्षरलेखनाचे साधन प्रसिद्ध केले. पडद्यावर अक्षरांचा ६ × ६ चा तक्ता असे आणि त्याच्या ओळी व स्तंभ आळीपाळीने उजळत. हवे असलेले अक्षर उजळताच मेंदूत सुमारे ३०० मिलिसेकंदांनी एक विशिष्ट लहर उठते. तीवरून यंत्र ते अक्षर ओळखत असे. इ.स. १९९९ मध्ये जर्मनीतील नील्स बिर्बाउमर यांच्या गटाने संपूर्ण शरीर लुळे पडलेल्या रुग्णांना ईईजीद्वारे पत्रलेखन शक्य करून दाखवले.

त्यानंतरची मोठी प्रगती मेंदूत विद्युताग्रे बसवण्याच्या पद्धतीमुळे झाली. इ.स. २०२१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एका पक्षाघातग्रस्त व्यक्तीने हाताने लिहिण्याची केवळ कल्पना करून मिनिटाला ९० अक्षरे उमटवली. इ.स. २०२३ मध्ये तेथेच बोलण्याच्या प्रयत्नातून मिनिटाला ६२ शब्दांचा वेग गाठला गेला. त्याच वर्षी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी शस्त्रक्रियेविना, एमआरआय यंत्राच्या साहाय्याने ऐकलेल्या किंवा मनात योजलेल्या गोष्टीचा आशय शब्दांत मांडून दाखवला. त्यासाठी प्रत्येक व्यक्तीला यंत्रात सुमारे १६ तास गोष्टी ऐकाव्या लागल्या. व्यक्तीने मनात दुसरीच गोष्ट घोळवली, की यंत्र निरुपयोगी ठरत असे.

खुद्द ईईजीची मर्यादा मात्र अद्याप बरीचशी कायम आहे. इ.स. २०२५ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी टंकलेखन करणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूतील क्रियेवरून वाक्ये ओळखण्याचा प्रयोग केला. मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मोठ्या यंत्राने सरासरी १०० पैकी सुमारे ३२ अक्षरे चुकवली, तर ईईजीने सुमारे ६७.

### मानसिक गोपनीयता

बर्गर यांच्या काळी या उपकरणाला संपूर्ण खोली लागे. आज डोक्यावर पट्टीसारखी बांधता येणारी ईईजी साधने ग्राहकांना विकत मिळतात आणि त्यांच्या नोंदी कंपनीच्या संगणकावर साठवल्या जातात. चिलीने इ.स. २०२१ मध्ये संविधानात दुरुस्ती करून मेंदूतील क्रिया आणि तिच्यापासून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले. एमोटिव्ह या कंपनीचे असे साधन विकत घेतलेल्या एका माजी सिनेटरच्या अर्जावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २०२३ मध्ये निकाल दिला आणि त्याच्या मेंदूविषयक नोंदी नष्ट करण्याचा आदेश दिला. इ.स. २०२५ मध्ये युनेस्कोने मज्जातंत्रज्ञानाच्या नीतीविषयी जागतिक शिफारशी स्वीकारल्या.

### भारतातील वाद

ईईजीद्वारे मनातील गोष्ट जाणण्याचा दावा भारतात व्यापारापेक्षा पोलीस तपासात आधी पुढे आला. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत काम केलेले मज्जामानसशास्त्रज्ञ चंपाडी रामन मुकुंदन यांनी बीईओएस ही चाचणी विकसित केली. सर्वसामान्यपणे ब्रेन मॅपिंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चाचण्यांत तिचा समावेश होतो. या चाचणीत संशयित व्यक्ती डोळे मिटून गप्प बसते आणि तिला गुन्ह्याविषयीची विधाने ऐकवली जातात. एखादी घटना स्वतः अनुभवली असल्यास तिची आठवण ईईजीत ओळखता येते, असा या पद्धतीचा दावा आहे.

इ.स. २००८ मध्ये पुणे येथील सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका तरुणीस जन्मठेप सुनावली. निकालात इतर पुराव्यांबरोबर मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झालेल्या या चाचणीचाही आधार घेण्यात आला होता. या निकालाची जगभर चर्चा झाली आणि अनेक मेंदूशास्त्रज्ञांनी तीव्र आक्षेप घेतले. निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही अशा चाचण्या शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचे मत नोंदवले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या तरुणीस जामीन मंजूर केला.

५ मे, इ.स. २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, असत्यशोधन व ब्रेन मॅपिंग या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. संशयिताने तोंडातून एकही शब्द काढला नाही, तरी त्याच्या मेंदूतून माहिती काढणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होय, असा या निर्णयाचा आशय आहे. त्याला संविधानाच्या अनुच्छेद २०(३) व २१ चा आधार आहे. संमतीने घेतलेल्या चाचणीचे निष्कर्षही स्वतंत्र पुरावा ठरत नाहीत; मात्र त्यांच्या साहाय्याने पुढे सापडलेली वस्तू किंवा माहिती पुराव्यात येऊ शकते.

खाजगीपणाचा प्रश्न संविधान सभेतही उपस्थित झाला होता. इ.स. १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करीमुद्दीन यांनी व्यक्ती, घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण देणारी दुरुस्ती सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शवली होती, परंतु ती मंजूर झाली नाही. सुमारे सात दशकांनंतर, २४ ऑगस्ट, इ.स. २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. इ.स. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मात्र मेंदूविषयक माहितीचा वेगळा उल्लेख नाही. त्यामुळे पोलिसांनी सक्तीने मेंदूची चाचणी घेण्यास भारतात मनाई आहे. ग्राहकाने स्वतः वापरलेल्या साधनातून जमा होणाऱ्या मेंदूच्या नोंदींसाठी मात्र सर्वसाधारण तरतुदींपलीकडे विशेष संरक्षण नाही.

## हे सुद्धा पहा

* विद्युत् मस्तिष्कालेखन
* अपस्मार
* एडगर एड्रियन
* भारतीय संविधानातील मूलभूत हक्क